'बरी आसय' म्हणणारी आई आणि घाईतला डॉक्टर

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही बौद्धवाडीत जा आणि पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या माउलीला तब्येतीची विचारपूस करा. उत्तर ठरलेले असते, "बरी आसय." मुंबईहून मुलाचा फोन आला तरी "बरी आसय." दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तरी तेच, फार तर "वायच गरगरता" एवढी भर. रात्री तीनदा उठावे लागते, परवा न्हाणीत तोल गेला, गोळ्या संपून आठ दिवस झाले, यातले काहीही डॉक्टरांच्या कानावर जात नाही. डॉक्टर दोन मिनिटांत चिठ्ठी लिहितात, पुढचा नंबर पुकारला जातो आणि आजार आपल्या जागी तसाच राहतो.

आजाराची निम्मी परीक्षा सांगण्या-ऐकण्यात होते, हे कोणताही जाणता डॉक्टर कबूल करील. रक्त, लघवी, फोटो हे सारे नंतरचे. आमच्या वाड्यांतल्या ज्येष्ठांच्या बाबतीत नेमकी हीच पहिली पायरी निसटते, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिली अडचण बोलीची. आमची जुनी माणसे मालवणी बोलतात. सरकारी दवाखान्यात येणारे तरुण डॉक्टर पुष्कळदा घाटावरचे, मराठवाड्याचे किंवा विदर्भाचे. म्हातारी सांगते, "अंगात कसर आसा." तिला म्हणायचे असते की बारीक ताप आहे. 'कसर' म्हणजे उणीव किंवा काटकसर, एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याने यातून काय समजावे? ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे गोव्याला बांबोळीला पाठवलेली आमची माणसे पुष्कळदा सांगतात की तिथे बोलणे सोपे गेले. नवल नाही, कोकणी आणि मालवणी या शेजारणी आहेत. पण समजले नाही तर पुन्हा विचारणे दोघांच्याही हातात आहे. डॉक्टरांनी "आजी, कसर म्हणजे काय?" असे विचारले तर त्यांचा मोठेपणा कमी होत नाही.

दुसरी अडचण जेवणाची. चिठ्ठीवर लिहिलेले असते, 'सकाळी, दुपारी, रात्री जेवणानंतर.' आमच्या घरात सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज होते आणि भात नंतर. मग पेज हे जेवण धरायचे की नाही? म्हातारी मनाशी ठरवते की पेज म्हणजे जेवण नव्हे, आणि गोळी पुढे ढकलते. दुसरी एखादी पेजेच्या आधीच गोळी घेऊन कामाला लागते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन पोटात अन्न गेले नाही तर साखर एकदम खाली येते, दरदरून घाम फुटतो, माणूस कोसळते. एवढी मोठी गोष्ट "डॉक्टरांनू, गोळी पेजेनंतर घेव की भातानंतर?" या एका प्रश्नाने मिटते. तो प्रश्न कुणी विचारत नाही.

मिठाचेही तसेच. रक्तदाबाच्या माणसाला "मीठ कमी करा" असे सांगितले की ती आज्ञाधारकपणे पेजेतले मीठ बंद करते आणि अळणी पेजेबरोबर खारा बांगडा भाजून खाते! जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गरिबाच्या घरात सुक्या खाऱ्या मासळीवरच तर चुलीची शोभा. मीठ म्हणजे डब्यातले मीठ, अशी तिची प्रामाणिक समजूत. डॉक्टरांनी "पावसात काय खाता?" एवढे विचारले असते तर महिनाभर वाढलेल्या दाबाचे कोडे पडले नसते.

हे झाले वरवरचे. खरा प्रश्न असा की आपली माणसे विचारत का नाहीत? अडाणीपणा, असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही. हीच माणसे रेशन दुकानदाराशी आणि तलाठ्याशी हुज्जत घालतात. डॉक्टरसमोर मात्र ती अंग चोरून उभी राहतात, स्टुलावर अर्धीच टेकतात.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्या शिक्षकाचे पत्र 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापले गेले होते. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मोठ्या मिनतवारीने आला तो वस्तीबाहेरच थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. रोग्याला हात न लावता न्यूमोनियाचे निदान झाले. ती माउली वाचली नाही.

आज डॉक्टर नाडी बघतो, छातीला नळी लावतो, कायदाही पाठीशी आहे. पण ज्यांच्या आईबापांनी दवाखान्याच्या पायरीखाली उभे राहून औषध घेतले, त्यांच्या अंगात ते अंतर मुरलेले असते. "जास्त बोललो तर डॉक्टर रागावतील" ही भीती तिथून येते. "आज्जे, लवकर बोल, रांग बघ किती आहे" असे एकदा खेकसले की ते तोंड वर्षभर मिटते. डॉक्टरांवर रोग्यांचा भार असतो हे आम्ही जाणतो. परंतु भार असला म्हणून वयाने आजी असलेल्या बाईला एकेरी हाक मारण्याची गरज नसते.

आता आपल्या बाजूचेही बोलू. विनयपिटकातल्या महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो कुणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला धुऊन, उचलून मंचकावर निजवले आणि ज्याला माझी सेवा करायची त्याने रोग्याची करावी, अशा अर्थाचे सांगितले. विहारात ही कथा आपण ऐकतो. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तिथे कोणत्या रोग्याची शुश्रूषा सोपी होते हे पाच गुणांनी सांगितले आहे. पथ्य पाळणे, त्यात प्रमाण राखणे, औषध घेणे आणि वेदना सोसण्याची ताकद असणे हे त्यातले चार. पाचवा गुण असा, की हितचिंतक सेवकाला आजार आहे तसा सांगणे. वाढतोय तर वाढतोय, उतरतोय तर उतरतोय, तसाच आहे तर तसाच आहे. म्हणजे "बरी आसय" म्हणून आजार झाकणे ही सोशिकता नव्हे. आणि सेवा करणाऱ्याचे गुण सांगताना, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, घाणीची किळस धरू नये, अशी अपेक्षा ठेवली आहे.

आजार आहे तसा सांगायचा तर जुने कामही सांगावे लागते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कितीतरी कामगार कायमचे गावी परतले. त्यातल्या अनेकांना आज धाप लागते, खोकला सुटत नाही. दवाखान्यात विडीची चौकशी होते, क्षयाची तपासणी होते. पूर्वी काय काम केले, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. साचेखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली जास्त पगाराचे ते खाते आपल्या लोकांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. आपल्या वाट्याला आली ती दुसरी खाती. कापूस फोडायच्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंगमध्ये तर सर्वांत जास्त धूळ. त्या धुळीने फुप्फुसाचा जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती दाटते. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे वैद्यांना बजावले. तीनशे वर्षे उलटली तरी आमच्या केसपेपरवर ती ओळ बहुतेक वेळा कोरीच असते. तेव्हा आपल्या बाबांना घरीच विचारा, कोणत्या खात्यात होता, किती वर्षे, सुट्टीनंतर छाती दाटायची का. आणि ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

घरच्यांना आणखी एक सांगायचे आहे. मे महिन्यात चाकरमानी मुलगा येतो, आईला रिक्षाने दवाखान्यात नेतो. डॉक्टर विचारतात, "यांना काय होतंय?" आणि मुलगा उत्तरे देतो. तो वर्षातून पंधरा दिवस आईजवळ असतो! रात्रंदिवस जवळ असते ती सून दाराबाहेर उभी. तिला आत घ्या. आईला आधी बोलू द्या, मग सुनेने भर घालावी. ऐकू कमी येत असेल तर तसे आधीच सांगा, नाहीतर म्हातारा मान हलवतो आणि सगळ्यांना वाटते, समजले. सोबत कुणी नसेल तर वाडीवरच्या आशाताईंना विनंती करावी, त्यांना मालवणीही येते आणि दवाखान्याची भाषाही.

हक्कही माहीत असू द्यावेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग ठेवण्याची तरतूद आहे. औषधाचे नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी काय करणार, धोका काय, दुसरा इलाज आहे का, हे रोग्याला समजेल असे सांगितले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात दिला.

पुढच्या खेपेला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, संपलेल्यांची रिकामी पाकिटे आणि वैद्याचा काढा असेल तर तोसुद्धा एका पिशवीत घालून न्या. नातवंडाकडून कागदावर तीन ओळी लिहून घ्या, कधीपासून, कुठे, किती वेळा. आणि खोलीतून उठण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनाच एकदा मालवणीत म्हणून दाखवा.