मंद आचेवरचे मोठ्याचे मटण : मऊ तुकडा कुणाच्या ताटात?

नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळते. धडगावच्या डोंगरात कैरीच्या फोडी वाळवून आमचूर होतो. शहादा-तळोद्याच्या शेतांत पपई उभी असते आणि गूळ तर प्रत्येक घरात असतोच. या अंकात आम्ही आपल्या जिल्ह्यातल्या या चार वस्तू एका भांड्यात आणणार आहोत. त्यांच्यासोबत असेल मोठ्याचे मटण, मंद आचेवर तासन् तास शिजवलेले, गोडसर, आंबट आणि तिखट.

पाककृती आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. कारण असे आहे. मोठ्याचे मटण घाईने शिजवले की चिवट राहते. मग दात नसलेली आजी आणि लहान मूल नुसता रस्सा भाकरीवर घेतात. घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात रस्साच उरलेला असतो. लोह आणि प्रथिने मात्र बहुतांशी तुकड्यात असतात, रश्श्यात थोडीच उतरतात. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी येते. मटण मऊ शिजवणे आणि ते नीट वाटणे, या दोन्ही गोष्टी आरोग्याच्याच आहेत.

आधी कायदा आणि दुकान

महाराष्ट्रात ४ मार्च २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस आणि रेडा या बंदीत येत नाहीत. मात्र त्यांच्याही कत्तलीला रीतसर दाखला लागतो. म्हणून या लेखात जिथे 'मोठ्याचे' म्हटले आहे, तिथे म्हशीचे किंवा रेड्याचेच मांस समजावे. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे आणि शक्य असेल तर पावती मागावी. कायदा पाळला जातो, शिवाय जनावर तपासलेले असण्याची खात्रीही वाढते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्यास सांगितले. त्यामागे स्वाभिमान होता. आरोग्याच्या दृष्टीनेही ते तितकेच खरे आहे. जनावर कशाने मेले हे माहीत नसेल तर फाशीसारख्या रोगाचा धोका असतो, आणि तो मांस कापणाऱ्यालाही होतो. ताजे मांस लाल ते गडद लाल दिसते, बोटाने दाबले तर पुन्हा वर येते, त्याला आंबूस वास नसतो. चिकट झालेले किंवा हिरवट झाक असलेले मांस स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

चिवट मांस मऊ का होते

जनावराचे जे स्नायू जास्त काम करतात, ते चिवट असतात : पिंडरी, मान, खांदा. तिथे स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे धागे भरपूर असतात. भडक आचेवर मांसाचे तंतू आकसतात, आतले पाणी बाहेर पडते आणि तुकडा रबरासारखा होतो. पण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर, पाणी जेमतेम हलेल अशा उष्णतेत काही तास ठेवले, तर तेच पांढरे धागे हळूहळू विरघळतात आणि रस्सा दाट, बोटाला चिकटणारा होतो. म्हणून मंद आचेला महागडा तुकडा लागत नाही. उलट स्वस्त, चिवट तुकडाच तिथे जास्त चवदार लागतो.

विजेवर चालणारा स्लो कुकर हेच काम करतो. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये अशा भांड्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातल्या आजीच्या घरची गोष्ट सांगितली होती : शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी मांस आणि शेंगांचे भांडे बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. आपल्याकडेही जेवणानंतर चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर भांडे ठेवून देणाऱ्या आज्या होत्याच. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये कोळशाच्या धगीवर सगळा स्वयंपाक मंद शिजवणारा 'इकमिक कुकर' काढला होता. तेव्हा ही युक्ती परक्या घरातून आलेली नाही.

साहित्य (सहा माणसांसाठी)

मोठ्याचे मटण, पिंडरी किंवा मानेचे, १ किलो, मोठे तुकडे, कांदे ३, लसूण १२-१५ पाकळ्या, आले दोन बोटांएवढे, सुक्या लाल मिरच्या ८ ते १०, कोमट पाण्यात भिजवलेल्या, सुके खोबरे ३ चमचे, धणे २ चमचे, जिरे १ चमचा, हळद अर्धा चमचा, कच्च्या पपईचा कीस २ चमचे, गूळ ३० ग्रॅम, म्हणजे साधारण लिंबाएवढा खडा, आमचूर दीड चमचा किंवा वाळलेल्या कैरीच्या ५-६ फोडी, तेल ३ चमचे, मीठ २ लहान चमचे.

कृती

मटण धुऊन निथळून घ्यावे. हळद, निम्मे मीठ आणि पपईचा कीस चोळून पाऊण तास झाकून ठेवावे. पपईतला पपेन हा घटक मांसाचे तंतू तोडतो. जास्त वेळ ठेवले तर मटण भुसभुशीत होते, म्हणून घड्याळ पाहावे. घरात गरोदर बाई असेल तर कच्ची पपई वगळावी आणि शिजवण्याचा वेळ एक तास वाढवावा.

कांदा, खोबरे, धणे आणि जिरे भाजून मिरची, आले, लसणासोबत वाटून घ्यावे. पातेल्यात तेल तापवून मटणाचे तुकडे थोडे थोडे टाकावेत आणि सगळ्या बाजूंनी तांबूस करावेत. हा भाग टाळू नये, रश्श्याची निम्मी चव इथेच तयार होते. मग वाटण परतून गरम पाणी घालावे. पुढे तीन वाटा आहेत.

चुलीवर : साधारण १ लिटर पाणी घालून उकळी आणावी, लाकडे ओढून घ्यावीत आणि निखाऱ्यांवर झाकण ठेवून ३ ते साडेतीन तास शिजवावे. मधूनमधून पाणी पाहावे, कमी वाटल्यास गरम पाणीच घालावे. धूर कोंडू नये म्हणून दार-खिडकी उघडी ठेवावी.

स्लो कुकरमध्ये : पाणी दीड ते दोन वाट्याच घालावे, कारण वाफ बाहेर जात नाही. 'लो'वर ८ तास किंवा 'हाय'वर ४ ते ५ तास. झाकण सारखे उघडू नये. बर्फातले मटण थेट टाकू नये, आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सैल होऊ द्यावे. राजमा घालायचा असेल तर तो आधी वेगळा निदान १० मिनिटे खळखळून उकळावा. कच्चा राजमा मंद आचेवर विषारी राहतो.

साध्या कुकरमध्ये : मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग बारीक आचेवर ३५ ते ४० मिनिटे.

तिन्ही प्रकारांत गूळ, आमचूर आणि उरलेले मीठ शेवटच्या अर्ध्या तासात घालावे. गूळ आधी घातला तर तळाला लागतो. साध्या कुकरमध्ये वाफ गेल्यावर झाकण काढून, गूळ-आमचूर घालून मंद आचेवर उकळावे. तुकडा चमच्याने तुटला की झाले.

आम्ही तिन्ही प्रकार करून पाहिले. चुलीवरचे सर्वांत चवदार झाले. कुकरचे सर्वांत लवकर झाले, पण तुकडा थोडा कोरडा वाटला. स्लो कुकरच्या वेळी दुपारी वीज गेली. पाऊण तासाने आली म्हणून निभावले. आपल्या भागात हे नेहमीचेच, म्हणून नियम लक्षात ठेवा : आपण घरी असताना वीज गेली तर ते भांडे लगेच गॅसवर चढवून शिजवून घ्यावे. आपण बाहेर असताना दोन तासांहून जास्त वेळ वीज नव्हती असे कळले, तर ते अन्न टाकून द्यावे. कोमट मांसात जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांनी सोडलेले काही विष पुन्हा उकळूनही जात नाही. उरलेले मटणही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.

वाढण्याची रीत

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. मासिक पाळीत जाणाऱ्या रक्तामुळे तिची गरज दीडपट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. आणि ताटात मात्र उलटा हिशेब.

मांसातले लोह शरीरात सहज शोषले जाते, भाजी-भाकरीतले त्या मानाने कमी. पण दोन्ही एकत्र खाल्ले तर मांस भाकरीतले लोह शोषायलाही मदत करते. वर लिंबू पिळावे, आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा.

म्हणून आमचा आग्रह एवढाच : भांडे उतरवल्यावर, कुणालाही वाढण्याआधी तुकडे मोजा. घरात सहा माणसे असतील तर सहा वाटे करा. आजीचा वाटा, सुनेचा वाटा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीचा वाटा आधी वाटीत काढून झाकून ठेवा. एका घरी आम्ही हे सांगितले, तेव्हा सासूबाई सुनेला म्हणाल्या, "अगं, मी कधी मोजलेच नाहीत. मला वाटायचं, तुला रस्साच आवडतो."

कुणी जपावे

एका जेवणाने रक्तक्षय बरा होत नाही. थकवा, धाप, फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. अनुक्रमे ८ आणि ७ च्या खाली गेले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण आहेत. हा आजार आदिवासी बांधवांमध्ये आढळतो, तसा विदर्भात आपल्या समाजातही आढळतो. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळे, लोह कमी पडल्यामुळेच असे नाही. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साचून त्रासही होतो. अशा माणसाला "मटण खा, लोहाच्या गोळ्या घे, रक्त वाढेल" असा सल्ला परस्पर देऊ नये. आधी रक्त तपासावे, मग डॉक्टर सांगतील तसे करावे. शासकीय आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही ती करून घ्यावी.

मधुमेह असेल तर गूळ निम्मा करावा, रक्तदाब असेल तर मीठ कमी करून आमचूर वाढवावा. मूत्रपिंडाचा आजार किंवा गाऊट असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. आणि चांगले लागले म्हणून रोज नको. लाल मांस आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे, म्हणजे पुढे आतड्याच्या कर्करोगाचा धोका फारसा वाढत नाही. एक रविवार मटणाचा, बाकी दिवस डाळ, अंडी, मासे, पालेभाजी.

येत्या रविवारी सकाळी भांडे चढवा. दुपारी उतरवल्यावर आधी वाटे करा, मग सगळे एकत्र बसा. वाढणारी बाईसुद्धा.

जय भीम.