ओझर मिगचे हात

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला, तेव्हा अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या शेजारच्या काकांनी खुर्ची टीव्हीपुढे अगदी जवळ ओढून घेतली होती. विमान पडद्यावर आलं की ते पुढे वाकून शेपटीवरचा क्रमांक वाचायचे. घरातल्यांना वाटलं, नजर कमी झाली म्हणून वाकतात. ते शोधत होते आपल्या हातून गेलेलं विमान. त्या दिवशी निवृत्त झालेली बायसन म्हणजे १९८० नंतर नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या मिग-२१ बिसचीच सुधारलेली रूपं. अकोल्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन गेलेल्या या माणसाने ओझरला तीस-पस्तीस वर्षं रिव्हेट मारले होते.

नाशिकला गेलेल्या प्रत्येकाने एसटी स्टँडावर ‘ओझर मिग’ ही पाटी वाचलेली असते. गावाच्या नावाला विमानाचं नाव जोडलेलं असं दुसरं गाव महाराष्ट्रात मला तरी ठाऊक नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, निफाड तालुक्यातलं, आजूबाजूला द्राक्षबागा असलेलं हे गाव. इथे लढाऊ विमानांचा कारखाना कसा आला, याचं उत्तर १९६२ मध्ये आहे. त्या वर्षी भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला आणि नोव्हेंबरात, चीनच्या युद्धाच्या धामधुमीत, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पुढच्याच वर्षी ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. ऑगस्ट १९६३ मध्ये मिगसाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी निघाली. कामाची वाटणी अशी झाली: सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मिसळली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, उभी राहिली. बंगळूरचा तो मूळ कारखाना १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढला होता, हेही आपण विसरतो.

विमान ‘बनवणं’ या शब्दाचे ओझरला चार अर्थ आहेत. कापसाच्या मुलखात ते सांगणं सोपं आहे. आधी शिवून आलेल्या सदऱ्याला फक्त गुंड्या लावायच्या. मग कापून आलेले तुकडे शिवायचे. मग थान आणून आपण बेतायचं. आणि शेवटी सरकी काढून, सूत कातून, कापड विणून सदरा अंगावर घालायचा. मिग-२१ एफएल या पहिल्या जातीचं काम १९६६ च्या सुमारास रशियातून आलेले भाग जोडण्यापासून सुरू झालं आणि १९७० मध्ये कच्च्या धातूपासून बनलेलं विमान ओझरहून हवाई दलाकडे गेलं. सहा वर्षांपूर्वी जिथे माळ होता, तिथे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारी वस्तू पत्र्यापासून घडू लागली. मला हा आपल्या औद्योगिक इतिहासातला फार मोठा टप्पा वाटतो. साखर कारखान्यांवर आपण जेवढं लिहिलं त्याचा शंभरावा हिस्साही यावर लिहिलेलं नाही.

१४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडणारी विमानं मिग-२१ होती. एफएलनंतर एम जात आली, मग बिस. सगळी मिळून साधारण सहाशे मिग-२१ देशात बनली. त्यानंतर १६५ मिग-२७, आणि २००४ पासून सुखोई-३०.

काकांना कामाबद्दल विचारलं की ते आकडे सांगत नाहीत, हात दाखवतात. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातून दोन ताटल्या आणल्या, एकीवर एक धरल्या आणि मला पलीकडून वरवंटा दाबून धरायला लावला. विमानाचा पत्रा आतल्या फ्रेमवर बसतो तो असा. बाहेरून एक जण हवेच्या गनने रिव्हेटच्या डोक्यावर ठोके देतो. आत दुसरा जण पोलादाचा ठोकळा, ज्याला कारखान्यात डॉली म्हणतात, रिव्हेटच्या शेपटीला टेकवून बसतो. गनच्या ठोक्यांनी शेपटी डॉलीवर दबून पसरते आणि पत्रा जखडला जातो. दोघांच्या मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मग बोलायचं कसं?

“टकटक करून,” काका म्हणाले, आणि त्यांचं बोलणं ओझरहून थेट वऱ्हाडात परतलं. “आतला मानूस पत्र्यावर डॉली वाजोते. एक टक म्हंजे आखीन हाण. दोन म्हंजे झालं. तीन म्हंजे बिघडलं, काहाड बाहीर.”

दबलेली शेपटी रिव्हेटच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंद आणि अर्ध्या जाडीइतकी उंच हवी. कमी दबली तर पकड नाही, जास्त दबली तर कडेला भेगा. मापायला गेज असतं, पण हात बसलेला माणूस बोट फिरवूनच सांगतो. बाहेरच्या बाजूला डोकं पत्र्याशी इतकं सपाट बसायला हवं की नख अडकू नये, कारण त्या वेगात हवेला एवढासा उंचवटाही चालत नाही. “डोयानं नाही दिसत बावा, बोटानं कयते.” मिग-२१ चा हवा घेणारा बोगदा नाकापासून सुरू होऊन वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी मागे इंजिनाकडे जातो. तिथे शिरायला बारीक अंगाची पोरं लागत. काकांना आत पाठवत ते त्याचसाठी. आज त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे.

चुकून रिव्हेटचं भोक मोठं पडलं तर ते लपवायचं नाही, कागदावर घ्यायचं, ही तिथली पहिली शिकवण. दुसरी हत्यारांची. प्रत्येक पान्याला नंबर, फळीवर प्रत्येकाची आखलेली जागा. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर विमान अडतं, सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. जठारपेठेतल्या त्यांच्या घरी अजून पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर पेन्सिलीने काढलेल्या आकृतींवर टांगलेले आहेत.

मिग-२१ चं नाव काढलं की अपघातांचं नाव निघणारच, आणि निघायलाच हवं. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर मिग विमानांचे ४८२ अपघात झाले होते. त्यात १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक गेले. मानवी चूक आणि तांत्रिक दोष, दोन्ही कारणं सरकारने मान्य केली. विमान ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकायचं, आणि नव्या मुलांना त्यासाठी तयार करणारं हॉक हे प्रगत प्रशिक्षण विमान दलात आलं थेट २००८ मध्ये. जुनी विमानं बदलायला उशीर झाला तो वेगळाच. हा दोष एकट्या कारखान्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, आणि कारखान्याला त्यातून पूर्ण सोडणंही. काका यावर एकच वाक्य बोलतात: अपघाताची बातमी आली की शॉपमध्ये दिवसभर गन चालत, पण माणसं बोलत नसत.

ओझरचं खरं दुखणं दुसरं आहे. हातातली विद्या वापरात असली तरच टिकते. सुखोईच्या २२२ विमानांचं काम २०२० च्या सुमारास संपत आलं आणि कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये पुढे काय, हा प्रश्न घरोघरी आला. दुरुस्ती आणि ओव्हरहॉलचं काम होतं, पण नवं विमान उभं करणाऱ्या जिगवर, म्हणजे भाग नेमक्या जागी धरणाऱ्या सांगाड्यावर, काही नसेल तर पाच-सात वर्षांत एक पिढी निवृत्त होते आणि तिचं बोट तिच्याबरोबर घरी जातं. ऑर्डर नंतर आली तरी ते बोट भरती करून मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला. मिग-२१ च्या निरोपानंतर बरोबर एकविसाव्या दिवशी, १७ ऑक्टोबर २०२५ ला, ओझरला जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याच दिवशी तेजसची तिसरी आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी जोडणी साखळी तिथे सुरू झाली. तेजसची वर्षाला आठ विमानं बनवण्याची ही सोय आहे. हवाई दलाला मार्क-१ए मिळायला उशीर झालेला आहे, अमेरिकेहून येणारी इंजिनं रखडली हे त्यातलं एक कारण. त्यामुळे समारंभाच्या फोटोवर समाधान मानून चालणार नाही.

शिवाय तेजसच्या अंगावर धातू कमी, कार्बनचं कापड आणि राळ यांचं काँपोझिट जास्त. त्याला भोक पाडताना पलीकडून आधार दिला नाही तर थर सुटतात, आणि उडालेली काळी धूळ जागच्या जागी शोषून घ्यावी लागते. म्हणजे जुन्या बोटाला नवी शिकवण. आपल्या विदर्भातही हे काम पोचलंय: नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या तळाच्या काँपोझिट तुळया टाल कंपनीने बनवल्या. वऱ्हाडात असा कारखाना नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी मात्र अजून तोकडीच आहे. पण आमच्या भागातून विमानविद्येला हात गेले आहेत, आणि ते रेल्वेने, नाशिक रोडला उतरून गेले.

या हातांची नोंद कुठे आहे? करारांच्या तारखा सापडतात, मंत्र्यांची भाषणं सापडतात. पहिल्या रिव्हेटची टकटक शिकलेला माणूस सापडत नाही. १९६६ मध्ये विशीत ओझरच्या फाटकातून आत गेलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या गल्लीत, नात्यात असा कोणी असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. गुपितं विचारू नका, ती तो सांगणारही नाही. काम कसं करायचे तेवढं विचारा, हत्यारांची नावं लिहून घ्या, अप्रेंटिसशिपची जुनी वही असेल तर जपून ठेवा. आणि त्याच्या उजव्या कानाशी बसा. काकांसारखा त्याचाही डावा गेलेला असू शकतो.