टॉन्सिल्स काढले, मोठेपणी!

"टॉन्सिल्सचं काय गं एवढं! धाकट्याचे काढले तर चौथ्या दिवशी गल्लीत खेळत होता," सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं होतं. वर्षातून पाच-सहा वेळा घसा धरायचा, ताप यायचा. शेवटी ३६व्या वर्षी काढून टाकले. चार दिवसांत ओट्याशी उभी राहीन, असा माझा हिशेब.

तो साफ चुकला. पहिले दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी खरं दुखणं सुरू झालं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी! कानात तर असा ठणका, की कानच फुटला वाटावं. डॉक्टर म्हणाले, कान चांगला आहे. घसा आणि कान यांची एक नस सामाईक, म्हणून घशाचं दुखणं कानात जाणवतं. मोठ्या माणसांना हे १० ते १४ दिवस पुरतं. आधी कळलं असतं तर मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर तारीख घेतली नसती.

घशात पांढरट-पिवळे चट्टे दिसतात. तो पू नव्हे, खपली असते. तिचा वासही येतो. दुखतं म्हणून पाणी टाळलं की घसा सुकून आणखी दुखतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी घड्याळ लावून घ्यायचे आणि अर्ध्या तासाने मऊ वरणभात. मनाने मात्र कुठलीही गोळी घेऊ नका, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच.

सातव्या रात्री तोंडात खारट लागलं. थुंकले तर लालभडक रक्त. सासूबाई हळद-मिठाचं पाणी तापवायला निघाल्या. यांनी मात्र गाडी काढायला लावली. पुढे वाकून, रक्त न गिळता थुंकत दवाखाना गाठला. खपली सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, असं होऊ शकतं. रक्त थोडं असलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. माझं थांबलं, काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं.

आदल्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून मी घागरी भरल्या होत्या. त्यानेच झालं का, कोण जाणे. पण दोन आठवडे जड उचलू नये, असं लिहिलेला दवाखान्याचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. तो कुणी वाचला नव्हता, मीसुद्धा!

पुढचा आठवडा पाणी यांनी आणि मुलांनी भरलं. सोळाव्या दिवशी मी भाकरी खाल्ली. ठेच्याशिवाय.