कृषी उपकरणांवरील टचस्क्रीन : निवड, वापर आणि निगा

नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा प्रांगणात भरणाऱ्या कृषी विज्ञान मेळ्यात माती परीक्षण संच, फवारणी व सिंचन नियंत्रक, शीतगृहांची नियंत्रण यंत्रणा अशी अनेक उपकरणे शेतकऱ्यांना पाहावयास मिळतात. अशा उपकरणांवर बटणांच्या जागी आता टचस्क्रीन दिसू लागली आहे. खरेदी करताना क्षमता, किंमत व हमी यांची चौकशी होते. पडदा मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक मोजलेली माहिती वाचणे आणि यंत्रास आज्ञा देणे ही दोन्ही कामे त्याच पडद्यावरून होतात.

चुकीच्या एका आकड्याचे मोल

प्रयोगशाळेत होणारी तपासणी आता गावपातळीवर येऊ लागली आहे. याच संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा एसटीएफआर मीटर’द्वारे सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, गंधक व सूक्ष्म अन्नद्रव्ये यांसह मातीच्या १४ बाबींची तपासणी करता येते. अशा तपासणीचे आकडे कोणत्याही उपकरणात भरताना किंवा वाचताना चूक झाल्यास तिचा परिणाम थेट खतमात्रेवर होतो.

समजा, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के आहे. परंतु उन्हात अंक नीट न दिसल्याने तो ०.८५ असा नोंदला गेला. प्रचलित वर्गवारीनुसार ०.५० टक्क्यांपेक्षा कमी कर्ब ‘कमी’ व ०.७५ टक्क्यांपेक्षा अधिक कर्ब ‘जास्त’ गणला जातो. कमी वर्गात नत्राची मात्रा २५ टक्क्यांनी वाढविण्याचा व जास्त वर्गात तेवढीच घटविण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. गव्हासाठी हेक्टरी १२० किलो नत्र ही मूळ मात्रा धरल्यास १५० किलोऐवजी ९० किलोची शिफारस होईल. ही ६० किलो नत्राची तूट म्हणजे सुमारे १३० किलो युरिया होय.

टचस्क्रीनचे प्रमुख प्रकार

*रेझिस्टिव्ह (दाबावर चालणारी) :* या प्रकारात विद्युतवाहक लेप दिलेले दोन पारदर्शक थर किंचित अंतरावर असतात. पडदा दाबताच ते एकमेकांस टेकतात व स्पर्शाचे स्थान निश्चित होते. दाब कोणत्याही वस्तूचा चालत असल्याने रबरी हातमोजे किंवा चिखलाने माखलेले बोट असतानाही काम होते. तथापि, वरचा थर प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे पडतात, चित्र काहीसे मंद दिसते आणि कालांतराने स्पर्शाचे स्थान सरकल्यास पडद्याचे अंशांकन पुन्हा करावे लागते.

*कॅपॅसिटिव्ह (धारितेवर चालणारी) :* हा मोबाइलमधील परिचित प्रकार आहे. काचेखालील सूक्ष्म विद्युतवाहक जाळीतील क्षेत्र बोटाच्या स्पर्शाने बदलते. काच टिकाऊ असते आणि चित्र स्वच्छ दिसते. मात्र जाड हातमोजे, पाण्याचे थेंब व फवारणीच्या द्रावणाचे शिंतोडे यांमुळे स्पर्श ओळखण्यात चूक होऊ शकते. मोटारपंपाजवळ भूसंपर्कन (अर्थिंग) सदोष असल्यास पडद्यावर आपोआप स्पर्श नोंदले जाण्याची शक्यता असते. ओला हात व हातमोजे यांसाठी विशेष जुळणी केलेले औद्योगिक पडदे उपलब्ध आहेत.

*इन्फ्रारेड (अवरक्त किरणांवर चालणारी) :* चौकटीतून जाणारे अदृश्य किरण बोटाने अडताच स्पर्श नोंदला जातो. मोठ्या पडद्यांना हा प्रकार उपयुक्त आहे. परंतु धूळ, भुसा किंवा कीटक यांमुळेही किरण अडतात. त्यामुळे मळणीच्या जागी तो योग्य नाही.

ऊन, धूळ आणि पाणी

घरातील साधारण पडद्याची तेजस्विता २५० ते ३०० निट असते. उघड्या शेतात वाचनासाठी ती ८०० ते १,००० निट किंवा त्याहून अधिक असावी. काच व पडदा यांमधील हवेची पोकळी पारदर्शक चिकट द्रव्याने भरलेली असल्यास परावर्तन घटते आणि आत बाष्प धरत नाही. दिल्ली परिसरातील हिवाळी धुक्यात याचा विशेष लाभ होतो.

मे-जूनमध्ये दिल्लीप्रमाणेच विदर्भातही पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. थेट उन्हातील उपकरण त्याहूनही अधिक तापते. साध्या पडद्याची कार्यमर्यादा बहुधा ५० अंशांपर्यंत असल्याने तो तात्पुरता काळवंडू शकतो. म्हणून सुमारे ७० अंशांपर्यंत चालणारा औद्योगिक दर्जाचा पडदा निवडणे हितावह ठरते. धूळ व पाणी यांपासून संरक्षणासाठी ‘आयपी’ दर्जा पाहावा. ‘आयपी ६५’मधील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण, तर ५ हा अंक पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवितो.

खरेदीपूर्वी व वापरताना

- उपकरण मंडपाच्या सावलीत न पाहता उघड्या उन्हात सुरू करून अंक वाचून पाहावेत.
- नेहमीचे हातमोजे घालून, तसेच ओल्या बोटाने पडदा चालवून पाहावा.
- सूचना मराठीत आहेत का व भरलेला आकडा पक्का करण्यापूर्वी उपकरण पुन्हा विचारते का, हे तपासावे.
- यंत्र तत्काळ थांबविण्यासाठी स्वतंत्र लाल बटण असावे. ही सोय केवळ टचस्क्रीनवर असू नये.
- पडदा मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावा. कीटकनाशकाचे शिंतोडे त्वरित काढावेत; पुसताना उपकरण बंद ठेवावे.
- पडद्यावरील नोंद मूळ नोंदवहीशी ताडून पाहिल्याशिवाय शिफारस देऊ नये.

कोरड्या हाताने सावलीत वापरावयाच्या माती परीक्षण उपकरणास कॅपॅसिटिव्ह पडदा सोयीचा आहे; फवारणी यंत्रास रेझिस्टिव्ह किंवा हातमोज्यांसाठी जुळणी केलेला पडदा योग्य ठरतो. विस्तार कार्यकर्त्यांनी खरेदीचा सल्ला देताना उपकरण कोण, कोठे व कोणत्या ऋतूत वापरणार आहे, याची विचारणा प्रथम करावी.