इम्प्लांट स्नायूच्या वर की खाली?

नांदेड-लातूरकडचे अनेक रुग्ण मोठ्या उपचारांसाठी हैदराबाद गाठतात. तिथे स्तनात सिलिकॉन इम्प्लांट बसवायचे ठरले, तर ते छातीच्या मोठ्या स्नायूवर बसवायचे की त्याखाली, हे आधी ठरवावे लागते.

● स्नायूवर : दुखणे कमी, बरे होणे लवकर. हाताला जोर दिला तरी इम्प्लांट हलत नाही, म्हणून व्यायाम करणाऱ्यांना सोयीचे. बाई सडपातळ असेल तर मात्र कडा हाताला लागतात, सुरकुत्या दिसतात.

● स्नायूखाली : वरची कड झाकली जाते. इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून कडक होण्याचा धोका तुलनेने कमी. मात्र दुखणे जास्त, आणि स्नायू आवळला की स्तनही हलतो.

● मधला मार्ग : वरचा भाग स्नायूखाली, खालचा स्तनाच्या ऊतींखाली.

● चिमटीची कसोटी : स्तनाच्या वरच्या भागाची जाडी चिमटीत २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर सहसा स्नायूखालची जागा सुचवतात.

● कर्करोगात स्तन काढल्यावर : पूर्वी बहुधा स्नायूखालीच बसवत, आता जाळीच्या आधाराने वरही बसवतात.

● कुठे विचाराल : हैदराबादमध्ये पंजागुट्टा येथील निम्समध्ये (निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) आणि उस्मानिया रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. खासगीत सर्जनची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी पाहा.

● ध्यानात ठेवा : इम्प्लांट जन्मभराचे नसते. दुर्मीळ लिम्फोमा कर्करोगाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनचे खरखरीत ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. म्हणून इम्प्लांटची कंपनी व क्रमांक असलेले कार्ड जपा.