बनावट वस्तू आणि अस्सल उद्योग : पैठणीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
बनावट वस्तूंमुळे अस्सल उद्योगांची होणारी हानी सामान्यतः घटलेल्या विक्रीत मोजली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या अंदाजानुसार 2021 मध्ये अशा वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापार 467 अब्ज डॉलर, म्हणजे जागतिक आयातीच्या 2.3 टक्के होता. तथापि, ग्राहकाचा ढळलेला विश्वास अशा आकड्यांत उतरत नाही. प्रस्तुत लेखात त्या हानीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी :
वस्तूचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक पण ग्राहकास अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो आणि चांगली वस्तू बाजारातून बाहेर पडते, असे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखविले. ग्रॉसमन व शापिरो यांनी 1988 मध्ये फसवी नक्कल आणि ग्राहक जाणूनबुजून घेतो ती नक्कल, असा भेद केला.

पैठणीचे उदाहरण :
येवला व पैठण येथे हातमागावर एक पैठणी विणण्यास नक्षीनुसार काही आठवडे ते अनेक महिने लागतात. पदरावरील मोर, कमळ रंगीत धागे परस्परांत गुंफून विणले जात असल्याने साडीची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. यंत्रमागावर तशीच भासणारी साडी अल्पावधीत तयार होते. तिच्या उलट बाजूस मोकळे किंवा कापलेले धागे आढळतात. अशी साडी यंत्रमागाची म्हणून विकणे गैर नाही. हातमागाची म्हणून विकणे ही फसवणूक होय. एकदा फसलेला ग्राहक पुढे अस्सल पैठणीलाही नकलेचाच भाव देऊ करतो. रेशीम व जरीचे दर विणकराच्या हाती नसल्याने ही घट अखेर त्याच्या मजुरीतूनच वजा होते. त्यामुळे पुढची पिढी मागावर बसेनाशी झाली, तर नंतर बाजार सुधारूनही ते कौशल्य परत मिळविणे कठीण ठरते.

उपाययोजना :
भौगोलिक मानांकनविषयक 1999 चा कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला व पैठणीस त्याचे संरक्षण लाभले. परंतु खरेदीच्या क्षणी ग्राहकास ओळख पटविणारी खूण हवी. 2004 मधील 'सिल्क मार्क' केवळ रेशमाची शुद्धता सांगतो. यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीवरही तो असू शकतो. हातमागाची ग्वाही 2006 मधील 'हँडलूम मार्क' देतो. हा फरक बहुसंख्य ग्राहकांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
बनावट मालाविरुद्धची कारवाई ही जितकी कायद्याची, तितकीच माहितीची बाब आहे. साडीची उलट बाजू पाहणारा ग्राहक विणकराच्या मजुरीचेच रक्षण करीत असतो.