दारामागचा जुना फ्यूजबोर्ड

जुन्या घरांत दारामागच्या लाकडी बोर्डावर चिनीमातीचे फ्यूज अजून दिसतात. ते बसवले, तेव्हा घरात चार दिवे नि दोन पंखे होते. आज २,००० वॅटचा एकटा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. फ्यूज उडाला की आपण जाड तार गुंडाळतो. मग फ्यूज शाबूत राहतो, भिंतीतली वायर जळते.

एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो. मात्र तो वायरच्या जाडीनुसारच निवडावा. माणसाला बसणारा धक्का त्याला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंगही तपासावे. काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबा, मंडळी. वीज गेली, तर समजा, पहारेकरी जागा आहे.